अश्वशक्ती सारखी, वेळ वेगळी

सुपरचार्जर लावला की पिकअप स्पोर्ट्‌स कारला गाठतो, हा अमेरिकेतल्या शौकिनांचा समज राम टीआरएक्सच्या आकड्यांपुढे टिकत नाही. २०२१ च्या या ट्रकमध्ये ६.२ लिटरचे, ७०२ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आहे. डॉज चॅलेंजर हेलकॅटचे इंजिन त्याच घराण्यातले, ७०७ अश्वशक्तीचे. तरीही पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापायला कंपन्यांच्याच दाव्यानुसार ट्रकला १२.९ सेकंद लागतात, कारला ११.२. कारण वजनात आहे. ट्रक सुमारे २,८८० किलोचा, कार साधारण दोन टनांची; म्हणजे टनामागे २४४ विरुद्ध ३५० अश्वशक्ती.

यावर आक्षेप असा की ट्रकला चारही चाकांचा जोर आहे, आणि सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच्या पट्ट्याने फिरत असल्याने टर्बोसारखी वाट न पाहता लगेच टॉर्क देतो. खरे आहे, पण त्याचा फायदा मुख्यतः सुटतानाचा. पहिल्या काही मीटरांत कमावलेली आघाडी घड्याळात दिसते. शेवटच्या रेषेवरचा वेग मात्र इंजिनाची ताकद आणि वजन यांचाच हिशेब सांगतो, आणि तिथे ट्रक ताशी १७४ किलोमीटरवर, तर कार २०१ वर. उंच, चौकोनी नाकाला हवेचा अडथळाही याच टप्प्यात जास्त जाणवतो. वाळवंटात उधळायला बनवलेल्या, ३५ इंची टायरांच्या या धुडाने तेरा सेकंदांच्या आत यावे, हे तसे कौतुकाचेच. फक्त त्याचे सगळे श्रेय सुपरचार्जरला देऊ नये. पकड नसती तर तोच टॉर्क टायर जाळण्यात गेला असता.