सतरा ब्रिक्सची वाइन

फ्रँकफर्टमध्ये वाइनची दुकानं दोन तऱ्हेची आहेत. एका ठिकाणी बाटली उचलायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. दुसऱ्या ठिकाणी मालक आधी विचारतो, जेवायला आज काय करणार आहात? साक्सेनहाउझन भागातलं एक छोटं दुकान या दुसऱ्या तऱ्हेचं. तिथे अधूनमधून संध्याकाळी वाइनची चाखणी असते. लांब लाकडी टेबल, प्रत्येकापुढे निमुळत्या तोंडाचा पेला, पाणी, पावाचे तुकडे आणि मधोमध थुंकायचं भांडं. चाखणीत प्रत्येक घोट गिळायचा नसतो. तोंडात घोळवून टाकून दिला, तर शेवटच्या बाटलीपर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही शाबूत राहतात. या खेपेला विषय होता फक्त जर्मन रीसलिंग.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, भुरी, डाउनी हे शब्द अक्षरओळखीच्या आधी माझ्या कानांवर पडले. त्यामुळे माझं लक्ष वाइनइतकंच तिच्यामागच्या बागेकडे होतं.

रीसलिंग हा पांढऱ्या द्राक्षाचा वाण. त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची. फ्रँकफर्टजवळच्या र्‍युसल्सहाइममध्ये काट्सेनएल्नबोगन घराण्याच्या सरदाराच्या हिशेबात या वेलींच्या खरेदीचा उल्लेख आहे. र्‍युसल्सहाइम हे गाव आज ओपेल मोटारींसाठी ओळखलं जातं. जगातली सर्वांत मोठी रीसलिंगची लागवड जर्मनीतच आहे, सुमारे २४ हजार हेक्टर.

सुरुवात कोरड्या वाइननी झाली. एक र्‍हाइनगाउची, एक फाल्त्सची. कोरडी म्हणजे रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल झालेलं. र्‍हाइनगाउची लिंबासारखी तरतरीत, फाल्त्सची अंगाने भरदार, कारण तो प्रदेश जास्त उबदार. दोन्ही चांगल्या होत्या. पण मी थांबले ती तिसऱ्या बाटलीपाशी.

मोझेल खोऱ्यातल्या वेलेन गावची, २०२१ सालची, काबिनेट श्रेणीची. बाटली उंच, सडपातळ, हिरवी. (र्‍हाइनकडच्या बाटल्या परंपरेने तपकिरी असतात.) अल्कोहोल जेमतेम ८ टक्के. पहिल्या क्षणी जिभेवर गोडी येते आणि ती पसरायच्या आत खालून आंबटपणा उसळतो. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड. घोट संपला तेव्हा तोंडात चिकटपणा अजिबात नव्हता, उलट पाणी सुटलं होतं. साखर भरपूर असूनही वाइन गोडमिट्ट लागत नाही. ही किमया आंबटपणाची, आणि रीसलिंगचं सगळं मोठेपण मला त्यातच दिसतं.

मालक श्रेण्यांबद्दल सांगत होते. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे अशी ती चढण. श्रेणी ठरते काढणीच्या वेळी रसात साखर किती होती यावर, आणि ती मोजतात ‘उक्सले’ अंशांत. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके उक्सले. मोझेलच्या रीसलिंगला काबिनेटसाठी किमान ७० लागतात. मी मनातल्या मनात हिशेब केला: सुमारे १७ ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण. आमचा थॉम्पसन द्राक्षाचा माल निर्यातीला निघतो तो याच्याच आसपास!

रात्री वडिलांना, आप्पांना, फोन केला. “सतराला तोडतात? मग आंबट लागत असणार,” ते लगेच म्हणाले. त्यांनी नेमकं ओळखलं. गोडी तेवढीच, पण आंबटपणा आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. निफाडला दिवस उबदार असतात आणि मणी पिकताना त्यातलं आम्ल झपाट्याने उतरतं. खायच्या द्राक्षाला तेच हवं असतं. मोझेल जवळपास ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. वेल हिवाळाभर झोपते, जूनमध्ये फुलते आणि थंड रात्रींतून ऑक्टोबरपर्यंत सावकाश पिकते. साखर चढते, तरी आम्ल टिकून राहतं. नंतर आंबवणं मध्येच थांबवलं की साखरेचा काही भाग वाइनमध्ये उरतो. ही गोडी द्राक्षाचीच. काबिनेट आणि त्यावरच्या श्रेण्यांच्या रसात वरून साखर घालायला जर्मन कायद्याने बंदी आहे.

इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते उतारांमुळे. नदीकाठच्या दक्षिणाभिमुख कड्यांवर पाटीच्या दगडाचे तुकडे पसरलेले असतात. ते दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. वेलेनच्या उतारावर १८४२ साली खडकात उभारलेलं सूर्यघड्याळ आहे आणि त्यावरूनच त्या बागेला ‘झोननउर’ हे नाव पडलं. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा चढ तर काही ठिकाणी ६० अंशांहून जास्त. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, बांधणी, काढणी, सगळं हाताने. बागेतली मजुरी काय असते हे मी घरात पाहिलं आहे, म्हणून मोझेलच्या बाटलीची किंमत मला कधीही जास्त वाटत नाही.

चौथी वाइन श्पेटलेझे, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची. तिची गोष्ट र्‍हाइनगाउमधल्या श्लोस योहानिसबेर्गची. १७७५ साली ही बाग फुल्डाच्या धर्मप्रमुखाच्या मालकीची होती आणि त्याची परवानगी आल्याशिवाय काढणी सुरू करता येत नसे. परवानगी आणणाऱ्या स्वाराला त्या वर्षी फार उशीर झाला. तोवर घडांवर बुरशी चढली होती. तरीही द्राक्षं तोडली, आणि त्यांची वाइन अप्रतिम निघाली, असं सांगतात. त्या घोडेस्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात आहे. ही बुरशी म्हणजे बोट्रायटिस. आमच्याकडे घडात ती दिसली की घरात कुणाला जेवण जात नसे. पण सकाळचं धुकं आणि दुपारचं कोरडं ऊन असा मेळ जमला, तर तीच बुरशी मण्याची साल झिरझिरीत करते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, वास दाटून येतात.

शेवटी मालकांनी २००१ सालची आउसलेझे उघडली. सोनेरी रंग, सुकलेल्या जर्दाळूचा आणि मधाचा वास, आणि त्यामागे स्पष्टपणे रॉकेल. टेबलावरच्या एकदोघांनी नाक मुरडलं. हा दोष नव्हे. उन्हात पिकलेल्या रीसलिंगच्या मण्यांतल्या रंगद्रव्यांपासून बाटलीत वर्षानुवर्षं टीडीएन नावाचं संयुग तयार होत जातं, त्याचा हा वास. इतर वाणांत तो क्वचितच इतका जाणवतो. मला तो आवडला. त्याहून जास्त आवडलं ते हे, की वीस वर्षं उलटून गेल्यावरही तो आंबटपणा ताठ उभा होता.

त्या आंबटपणाची काळजी आता मोझेलमध्येही वाटू लागली आहे. हवा तापते आहे, द्राक्षं लवकर पिकतात, आम्ल लवकर उतरतं. आइसवाइनसाठी घड वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याहून खाली गोठावे लागतात. २०१९ च्या हंगामात तेवढी थंडी जर्मनीत कुठेच पडली नाही आणि आइसवाइन झालीच नाही. त्यामुळेच २०२१ सारख्या थंड सालातल्या काबिनेटची इथले जाणकार एवढी कदर करतात.

तुम्हाला कधी जर्मन रीसलिंग घ्यायची झाली, तर लेबलावरच्या लांबलचक नावांना बिचकू नका. आधी अल्कोहोलचा आकडा पाहा. ९ च्या आत असेल तर वाइन गोडसर, १२ किंवा त्याहून वर असेल तर कोरडी. श्रेणीच्या नावावर विसंबू नका, कारण श्पेटलेझे कोरडीही असते. पहिली बाटली मोझेलच्या काबिनेटची घ्या, आठ-दहा अंशांपर्यंत थंड करा आणि तिखट जेवणाबरोबर प्या. कमी अल्कोहोलमुळे तिखटाची आग भडकत नाही आणि थोडी गोडी ती शमवते. परवडलं तर दोन बाटल्या घ्या आणि दुसरी दहा वर्षं आडवी ठेवून द्या. घरात अंधारी, कायम गार राहणारी जागा असेल तरच मात्र ठेवा. आपल्या उन्हाळ्यात फडताळात ठेवलेली वाइन दोन वर्षंही टिकत नाही.