स्पीकर घराचा, किल्ली एकाची

पूर्वी हॉलमधल्या तिपाईवर काळा फोन असे आणि बिलाच्या धास्तीने काही घरांत त्याच्या तबकडीला चिमुकलं कुलूप घातलेलं असे. ते कुलूप सगळ्यांना दिसायचं, किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक असायचं आणि आपलं बोलणं अख्खं घर ऐकणार, हे धरूनच माणूस बोलायचा. आता त्याच कोपऱ्यात अलेक्साचा किंवा गूगलचा स्मार्ट स्पीकर आला आहे. आजोबा त्याला अभंग लावायला सांगतात, सून पोळ्या लाटता लाटता टायमर लावून घेते, नात पाढा पडताळून पाहते. वापर सगळ्यांचा, पण यंत्र चालतं ते बहुधा एकाच माणसाच्या खात्यावर आणि त्याची किल्ली त्याच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये असते. या यंत्राबद्दलची आपली चर्चा ‘कंपनी आपलं ऐकते का’ या प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न रास्तच आहे. पण चार माणसांच्या घरात त्याआधी दुसरं विचारायला हवं : या घरात कोण कुणाचं ऐकू शकतं?

त्यासाठी यंत्र काय करतं ते समजून घेऊ. त्याचा माइक चालू असतो, पण तो वाट पाहत असतो फक्त स्वतःच्या नावाची, आणि ती ओळख यंत्रातच पटते. ‘अलेक्सा’ म्हटलं की निळा दिवा लागतो आणि पुढचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथं त्याचा मजकूर होतो, अर्थ लावला जातो, उत्तर परत येतं. पण वाक्य तिथंच संपत नाही. सेटिंग बदललं नसेल, तर ते तारीख-वेळेसह खात्याच्या इतिहासात राहतं. दुपारी तीनला सासूबाईंनी गुडघेदुखीबद्दल काय विचारलं, हे खातेदाराला संध्याकाळी ऑफिसात बसून वाचता येतं. अलेक्सात ‘ड्रॉप इन’ नावाची सोयही आहे. ती चालू असेल, तर अ‍ॅपवरून थेट घरातल्या स्पीकरशी जोडून घेता येतं. आधी सूचनेचा आवाज होतो, हिरवा दिवा लुकलुकतो; मात्र पलीकडच्या माणसाने फोनसारखं काही उचलावं लागत नाही.

यावर उत्तर दिलं जातं की यंत्राला आता आवाज ओळखता येतो. खरं आहे, गूगल आणि अ‍ॅमेझॉन या दोघांनीही २०१७ मध्ये ही सोय आणली. त्यामुळे ‘माझी आजची कामं सांग’ म्हटल्यावर आईला आईची आणि मुलाला मुलाची कामं ऐकू येतात. पण ही ओळख सोयीपुरती आहे, तिला कुलूप समजू नये. मिळताजुळता आवाज यंत्राला फसवू शकतो, हे गूगल स्वतःच सांगते. शिवाय मूळ घोटाळा आवाजाच्याही आधी, ऐकण्यातच होऊ शकतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत डॅलसमधल्या सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साशी बोलता बोलता बाहुलीघर मागवलं आणि ते घरी आलंसुद्धा. त्याची बातमी देताना सॅन डिएगोच्या एका वाहिनीवर निवेदकाने ते वाक्य उच्चारलं, तर काही प्रेक्षकांच्या घरची यंत्रंही बाहुलीघर मागवायला निघाली. पुढच्या वर्षी पोर्टलंडमधल्या एका जोडप्याचं घरगुती बोलणं नवऱ्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याला परस्पर पाठवलं गेलं. मागच्या गप्पांतल्या शब्दांना यंत्र एकापाठोपाठ एक आज्ञा समजत गेलं, असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो : घरच्यांपासून काय लपवायचं? पण लपवणं आणि मोकळीक असणं वेगळं. वयात येणाऱ्या मुलीला पाळीबद्दल काही विचारायचं असतं, आजोबांना एखाद्या गोळीचं नाव आठवत नसतं. दोघंही गुन्हा करत नाहीत, तरी तो प्रश्न मुलाच्या किंवा बापाच्या मोबाईलवर उमटावा असं त्यांना वाटत नसतं. कायदाही इथं मदतीला येत नाही. मुलांचे आवाज वाजवीपेक्षा जास्त काळ साठवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला अडीच कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला. आपल्याकडे त्याच वर्षी झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्यांवर बंधनं घालतो. पण माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्याने कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे उंबऱ्याच्या आतला कारभार आपला आपणच ठरवायचा आहे.

मग यंत्र काढूनच टाकावं का? तसं मुळीच नाही. दृष्टी अधू झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवा लावणं, फोन करणं, बातम्या ऐकणं नुसत्या बोलण्यावर साधतं, याचं मोल मोठं आहे. त्यांच्यासाठीच आधी भाषा ठरवावी. भारतात अलेक्सा २०१७ मध्ये इंग्रजी घेऊन आली आणि हिंदी शिकायला तिला २०१९ उजाडलं. मराठी घरातल्या आजीला आपल्याच माजघरात परभाषेत आज्ञा द्यावी लागत असेल, तर निदान तिला पेलेल ती भाषा निवडावी. पुढची कामं अर्ध्या तासाची आहेत. स्पीकर बैठकीच्या खोलीत ठेवावा, झोपण्याच्या नाही. आवाजावरची खरेदी बंद करावी किंवा तिला चार अंकी कोड लावावा. इतिहास तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असं सेटिंग करावं. ‘ड्रॉप इन’ सगळ्यांना विचारूनच चालू ठेवावं. माइक बंद करायचं बटण कुठं आहे आणि ते दाबल्यावर अलेक्सात लाल दिवा लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवावं. ‘प्रत्येकाला’ म्हणताना स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही धरावं. खात्यावर त्यांचं नाव नाही, यंत्र त्यांनी आणलेलं नाही. पण दिवसाचे दोन तास त्यांचंही बोलणं त्याच खोलीत होतं.