पिकअप ओढेल, पण पेलेल का?

"मामा, गाडी दहा हजार पाउंड ओढते आणि ट्रेलर सात हजारांचा आहे. मग अडचण कसली?"

डेन्व्हरला राहणाऱ्या भाच्याचा फोन होता. यंदाच्या सुट्टीत राष्ट्रीय उद्याने पाहायची, तीही ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन, असा त्याचा बेत. म्हणजे चाकांवरचे घरच: आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर. ते पिकअपच्या मागे जोडायचे आणि निघायचे. पिकअप दारात उभी आहे, ट्रेलर भाड्याने मिळतो. मी त्याला म्हटले, "आधी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघड आणि चौकटीवरचा कागद वाचून दाखव."

हा कागद म्हणजे टायरमधल्या हवेची माहिती देणारे लेबल. पेट्रोल पंपावर हवा भरताना पाहिले तर पाहिले, एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. त्यावर एक ओळ असते: माणसे आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर जाऊ नये. भाच्याच्या गाडीवर आकडा निघाला सुमारे 700 किलो. हा झाला पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायचा भार. जाहिरातीतले दहा हजार पाउंड, म्हणजे साडेचार हजार किलो, हे ओढायचे वजन. ओढणे निराळे आणि पेलणे निराळे. बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते.

कारण ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो पिकअपच्या पाठीवर थोडा बसतोही. त्याची पुढची दांडी पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर टेकलेली असते आणि ट्रेलर नीट चालायचा तर त्याच्या वजनाचा 10 ते 15 टक्के हिस्सा या दांडीवर असावा लागतो. आता हिशेब मांडू. सात हजार पाउंड म्हणजे सुमारे 3175 किलो. त्याचे 13 टक्के धरले तर 413. जोडणीचे अवजड लोखंड 40 किलो. सातशेतून उरले 247. भाचा, सूनबाई आणि दोन मुले मिळून 210. राहिले 37 किलो. त्यात बर्फाची पेटी, खुर्च्या, मुलांच्या सायकली! आणि माझी बहीण खास नातवंडांबरोबर फिरायला पुण्याहून जाणार आहे, तिला बसवणार कुठे?

फोनवर थोडा वेळ शांतता होती.

माहितीपत्रकात दिलेले ट्रेलरचे वजन बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचे असते, हेही त्याला सांगितले. टाकीत दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलो वाढले. गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी, अंथरुणे, डबे यांचे वजन वेगळेच. म्हणून हिशेब करायचा तो ट्रेलरला भरून परवानगी असलेल्या कमाल वजनावर.

मग जाहिरातीतला आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो कोणत्या परिस्थितीत काढला ते पाहायला हवे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवत असे. 2008 साली अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी जे2807 नावाचे मानक काढले. टोयोटाने ते सर्वांत आधी स्वीकारले, बाकीच्या कंपन्या सावकाश आल्या. या चाचणीतला एक टप्पा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढाचा आहे. 11.4 मैलांत रस्ता सुमारे 900 मीटर वर चढतो. बाहेर 38 अंश सेल्सिअस तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे ट्रेलर, आणि साध्या पिकअपने ताशी 40 मैलांच्या खाली यायचे नाही. परीक्षा कडक आहे यात शंका नाही. फक्त तिच्यात गाडीत बसलेली माणसे दोन, तीही प्रत्येकी 68 किलोंची. सहकुटुंब सहपरिवार निघालेली गाडी या परीक्षेला बसलेलीच नसते.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग: भार नेमका कुठे ठेवायचा. बैलगाडी भरणाऱ्याला हे शास्त्र शिकवावे लागत नसे. ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून जू हाताने उचलून भार अजमावायचा आणि दोन पोती पुढे सरकवायची. ट्रेलरही उलाळ होतो, पण त्याचा वेग बैलगाडीचा नसतो. शंभराच्या वेगात दांडी हलकी असली की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. एखादा मोठा ट्रक शेजारून गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला, एवढे निमित्त पुरते.

यामागचे भौतिकशास्त्र मोठे गमतीचे आहे. गोळ्याला जोडलेला ट्रेलर हा आडवा लंबकच. कमी वेगात त्याचा झोका टायरच्या घर्षणाने लगेच विरतो. वेग वाढत गेला तसे हे विरणे मंदावते आणि एका वेगापुढे गणित उलटते: प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. शेवटी ट्रेलरच पिकअपचे मागचे अंग फरफटत नेतो. तो वेग कोणता, हे वजनापेक्षा वजनाच्या मांडणीवर जास्त ठरते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ट्रेलरमधली वजने पुढे-मागे सरकवून प्रयोग केले. 2009 साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की ट्रेलर नुसता जड असल्याने स्थिरतेत फार फरक पडत नाही. वजन टोकांना किती पसरले आहे आणि दांडीवर किती आहे, यावर बरेच अवलंबून असते. म्हणजे त्या सायकली टांगायला ट्रेलरची मागची बाजू ही सर्वांत वाईट जागा.

डोलणे सुरू झालेच तर काय करायचे? माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो, हात स्टिअरिंग उलट फिरवू लागतात. दोन्ही घातक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे आणि ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकची वेगळी कळ हाताने दाबायची. ट्रेलरला मागून ताण बसला की तो सरळ होतो. अमेरिकेत अनेक राज्यांत 3000 पाउंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, तीही उगाच नाही.

दांडीच्या भाराने पिकअपचे बूड खाली बसते आणि नाक वर उठते. म्हणजे ज्या चाकांनी वळायचे त्यांचीच पकड सैल होते. त्यावर स्प्रिंगच्या दांड्यांची एक खास जोडणी मिळते. ती भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. पण ती लावली म्हणून दारावरचा आकडा बदलत नाही.

चढ चढवणे इंजिनाचे काम, उतार मात्र ब्रेकचा. सहा टनांची जोडगोळी 900 मीटर उतरते तेव्हा जवळजवळ 15 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही हवेचा अडथळा खातो, उरलेल्या उष्णतेने ब्रेक लालबुंद होऊ शकतात. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर, हा आपल्या एसटी चालकांचा नियम रॉकी पर्वतातही तसाच लागू.

भाच्याने दुसऱ्या दिवशी पिकअप ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली आणि पुन्हा आकडेमोड केली. आता त्याने साडेचार हजार पाउंडांचा, साधारण 2040 किलोंचा ट्रेलर ठरवला आहे. दांडीवर 265 किलो येतील, जोडणीचे 40, घरची चार माणसे 210, आई 60. तरी सव्वाशे किलो शिल्लक राहतात आणि सायकली पिकअपच्या हौद्यात जातात.