डबा कुणाबरोबर खातोस?

सकाळी 6.50
डोंबिवली लोकल. आज बसायला मिळालं. पिशवीत चार मुलांचे कागद आहेत. चौघांचेही मेंदूतल्या गाठीचे उपचार संपून काही वर्षं झाली. एमआरआय स्वच्छ. नातेवाइकांच्या आणि शाळेच्या लेखी पोरं बरी झाली. समुपदेशक म्हणून माझं काम इथून पुढे सुरू होतं.

8.45
रुग्णालयातल्या बाकांवर रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पेंगतायत. उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना टाटा मेमोरियलमध्ये 1991 पासून चालतो. आमच्याकडे तो आठवड्यातून एक दिवस, एका खोलीत. डॉक्टर उंची, थायरॉइड, कान बघतात. मी विचारते, डबा कुणाबरोबर खातोस? मित्र आहेत का म्हटलं की सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. डब्याच्या प्रश्नावर मात्र थांबतात.

9.30
सातारा जिल्ह्यातला मुलगा, वय 15, यंदा दहावी. आठव्या वर्षी मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतला कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, मग डोक्याला आणि सबंध मणक्याला रेडिएशन, मग केमो. जीव त्यानेच वाचला. पण मणक्याची वाढ खुंटली, वाढीचं संप्रेरक कमी पडलं, आणि आज तो दहा वर्षांचा दिसतो. येताना एसटीत कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. आई बोलल्या नाहीत, तेवढेच पैसे वाचले. तो पनवेलपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला होता.

आकड्याखाली ठरलेलं चिन्ह भरायची चाचणी, वेळ 2 मिनिटं. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या हाताने मनगट धरून तो लिहीत होता, जीभ दातांत दाबून. वेळ संपली तेव्हा एकही चूक नव्हती; कागद मात्र निम्म्याहून जास्त कोरा. तोच कागद मी आईंपुढे ठेवला. ‘बघा, येतंय त्याला. वेळ लागतो.’

आई त्या कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवत राहिल्या. ‘बाई वहीत शेरा मारतात, आळशी आहे म्हणून. मी पण मारलंय मॅडम त्याला.’

यावर मी लगेच काही बोलत नाही. बोलूही नये.

मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे तंतू रेडिएशनने अशक्त होतात, निरोप उशिरा पोचतो. गणितात त्याचे मार्क जातात, ते दिसतं. दोस्तीत काय जातं ते दिसत नाही. कुणी विनोद केला, सगळे हसले. याला कळेपर्यंत पोरं तिसऱ्याच विषयावर गेलेली. हा एकटा मागून हसतो आणि मग पोरं त्याच्या हसण्याला हसतात. असं चार वेळा झालं की मूल हसणं सोडून देतं. कुणी मारलेलं नसतं, नावं ठेवलेली नसतात. शाळेत तक्रार तरी काय करायची?

‘डबा?’

‘बाकावरच खातो. सगळे ग्राउंडवर जातात. मी पोचेपर्यंत घंटा होते.’

11.30
त्यानंतर आलेल्या मुलीचे वडील अपंगत्वाचा दाखला म्हणताच उठून उभे राहिले. ‘पोरगी बरी झालीय ना? मग हा शिक्का कशाला?’ सिस्प्लॅटिन या औषधाने तिचे बारीक, उंच आवाज गेलेत; गोंगाटात ‘स’ आणि ‘फ’ ऐकूच येत नाहीत. 2016 च्या दिव्यांग कायद्याखाली दाखला निघाला तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळू शकतात. ते ऐकूनही निघून गेले. त्यांचा राग मला समजतो. सात वर्षं ‘बरी झाली’ या दोन शब्दांवर ते घर उभं आहे.

2.00
सातारच्या मुलाच्या मुख्याध्यापकांना फोन. पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील द्या. ते ‘हो, हो’ म्हणाले. मग मी म्हटलं, ‘सर, मधल्या सुट्टीत दोन मुलांना वर्गात त्याच्याजवळ बसवाल? रोज तीच दोन.’ पलीकडे जरा शांतता. ‘एवढंच?’ एवढंच.

3.30
मोठ्यांचा गट. वीस-पंचवीस वर्षांचे, लहानपणी याच आजारातून गेलेले. सातारच्या मुलालाही बसवून घेतलं. एक मुलगी सांगत होती, घरचे स्थळांना आजारपण कळू देत नाहीत. तिला ते नको आहे. ‘मी पहिल्याच भेटीत सांगणार. पळायचं तो तेव्हाच पळेल.’ रेडिएशनने विरळ झालेल्या केसांतून तिचं श्रवणयंत्र दिसत होतं. पूर्वी डोक्यावर ओढणी घेऊन यायची. तिच्या बोलण्यावर सगळे हसले. तो थोड्या वेळाने हसला, आणि त्याचं होईपर्यंत कुणी पुढचं वाक्य बोललं नाही. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

7.40
परतीच्या गाडीत उभी. साताऱ्याच्या आईंचा फोन, मागे एसटीची घरघर. ‘मॅडम, कंडक्टरला स्वतःच म्हणाला, पंधरा पूर्ण आहेत, फुल द्या. माझं बायकांचं अर्धं, याचं फुल. तिकीट खिशातच ठेवलंय, मला देत नाही.’