अभ्यासक्रमाबाहेरचा कोड

परीक्षेत न येणारं काही संगणकावर लिहीत बसणं म्हणजे वेळ वाया, असं घरोघरी मानलं जातं. हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिहायला घेतला तो निव्वळ छंद म्हणून. आज अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर चालतात. असा एखादाच निघतो, हा आक्षेप खरा. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधनंही त्याला आयती मिळाली होती. पण मुद्दा तोच आहे: त्यानं कोड खुला ठेवला, अनोळखी लोकांनी चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या. दुसऱ्याचं वाचणं आणि आपलं चारचौघांत तपासून घेणं, याला अलौकिक बुद्धी लागत नाही. आणि अभ्यास बुडाला म्हणावं, तर पुढे त्यानं पदव्युत्तर प्रबंधही लिनक्सवरच लिहिला.