भयगंडावरील उपचार आणि यंत्राची अनुकूलता

उंच जागा, बंद खोली, कुत्रा इत्यादींविषयीचे भय जेव्हा प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवास्तव असते आणि नित्य व्यवहारास बाध आणते, तेव्हा त्यास भयगंड म्हणतात. तो टिकून राहतो तो मुख्यतः टाळण्यामुळे. गच्चीवर जाण्याचे टाळणाऱ्यास तात्पुरती सुटका लाभते. परंतु तेथे गेल्यास आपण कोसळू, ही त्याची अपेक्षा कधीच कसोटीस लागत नाही. भयविषयास क्रमाक्रमाने सामोरे जाण्याचा जो उपचार ‘एक्स्पोझर थेरपी’ ह्या नावाने ओळखला जातो, त्याचे मर्म हे चक्र मोडण्यात आहे.

व्यक्तिभेदाचा विचार ह्या उपचारास नवा नाही. मेरी कव्हर जोन्स ह्यांनी १९२४ मध्ये सशास भिणाऱ्या पीटर नामक बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. बालक आवडीचे खाद्य खात असता ससा हळूहळू जवळ आणला जाई. जोसेफ वोल्पे ह्यांच्या १९५८ च्या ग्रंथाने प्रत्येक रुग्णाच्या भयप्रसंगांची स्वतंत्र उतरंड रचण्याच्या पद्धतीस शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. पुढे १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या भयावर संगणकनिर्मित आभासी दृश्यांचा उपयोग केला. २०१८ मध्ये डॅनियल फ्रीमन प्रभृतींनी १०० व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात तर मार्गदर्शकही आभासीच होता. उपचार लाभलेल्या गटाचे भय तुलनागटाच्या मानाने लक्षणीयरीत्या घटले.

आता यंत्र नाडीची गती, त्वचेवरील घाम आणि रुग्णाने शून्य ते शंभर ह्या मापावर सांगितलेला अंक ह्यांवरून पुढील प्रसंग सौम्य अथवा तीव्र करू शकते. परंतु हा बदल कोणत्या नियमाने व्हावा, हाच खरा प्रश्न होय. भय वाढताच दृश्य सौम्य करणारे यंत्र वरकरणी दयाळू भासेल. वस्तुतः ते टाळण्याचीच सवय दृढ करील. मिशेल क्रॅस्क प्रभृतींच्या मते उपचाराचे बळ भय तत्काळ ओसरण्यापेक्षा अपेक्षाभंगात अधिक असते. जे घडेल असे वाटत होते ते घडले नाही, हा अनुभव महत्त्वाचा.

येथे भाषेचा संबंध येतो. नाडी भयाने जलद होते, तशीच जिना चढल्यानेही होते. अंकही अपुरा पडतो. ‘कठडा तुटेल’, ‘चक्कर येईल’ आणि ‘मीच उडी टाकीन’ असे म्हणणारे तिघेही ऐंशी हाच अंक सांगू शकतील. पण त्यांच्या अपेक्षा भिन्न, म्हणून त्यांच्या कसोट्याही भिन्न. पहिल्यास कठड्याशी टेकून उभे राहणे उपयुक्त ठरेल; दुसऱ्यास चक्कर येईल असे वाटत असतानाही खाली पाहत राहणे; तिसऱ्यास कठड्याजवळ पुरेसा वेळ थांबणे. अर्थात प्रसंगापूर्वी ‘काय होईल असे वाटते?’ आणि नंतर ‘काय झाले?’ हे रुग्णास त्याच्याच बोलीत विचारल्याखेरीज यंत्राची अनुकूलता केवळ तीव्रतेपुरतीच राहते.

शिवाय ह्या उपचाराने जुने भय पुसले जात नाही. त्याच्या शेजारी नवे ज्ञान रुजते, आणि ते ज्या परिस्थितीत रुजले तिच्याशी निगडित राहते. म्हणून दृश्यांत वैविध्य हवे, आणि अखेरची पायरी यंत्रातील गच्चीची नव्हे, तर रुग्णाच्या स्वतःच्या घराच्या गच्चीची असली पाहिजे.