दर दोन तासांनी कूस का बदलायची?

अर्धांगवायू झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण अंथरुणाला खिळला, की चार-पाच दिवसांत नातेवाइकांचे प्रश्न सुरू होतात. पाठीला स्पिरिट चोळू का? पावडर टाकू का? तेलाने जोरात मालिश केली तर रक्त खेळेल ना? कमरेखाली हवेची गोल रिंग ठेवू का? हे उपाय वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि त्यामागची माया खरी आहे. पण त्यांनी जखम टळते का, हे कुणी आणि कसे तपासले? परिचर्येतील संशोधनाची सुरुवात अशाच साध्या प्रश्नातून होते.

आधी बेडसोअर म्हणजे काय ते पाहू. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचे पाते या ठिकाणी हाडावर मांसाचा थर पातळ असतो. रुग्ण एकाच अंगावर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यात कातडी व मांस दाबले जाते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि प्राणवायू पोहोचत नाही. हाडालगतचे मांस अनेकदा आधी मरते. म्हणून वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी असू शकते. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, कारण दाब वाढला की शरीर टोचणी देते. लकवा झालेल्याला किंवा बेशुद्ध माणसाला ती टोचणीच नसते.

१९६२ साली इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या परिचर्येवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी वॉर्डांमधून पाठीला लावायचे लेप, मलमे आणि चोळायची औषधे नाना तऱ्हेची होती. प्रत्येक सिस्टरची स्वतःची पद्धत आणि तिच्यावर तिचा ठाम विश्वास. नॉर्टन यांनी विश्वास बाजूला ठेवून नोंदी ठेवल्या. कातडीवर काय चोळले यापेक्षा दाब नियमितपणे हटवला का, हे महत्त्वाचे ठरले. कोणाला धोका जास्त, हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींचे गुण ठरवले : शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हिंडणे-फिरणे, अंग हलवता येणे आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज १४ किंवा कमी आली तर धोका. एका कागदावर मावणारी ही मोजपट्टी आजही वापरात आहे. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिका-संशोधकांनी तिच्यात आहार, ओल आणि घर्षण यांचीही भर घालणारी नवी मोजपट्टी केली.

मग ‘दर दोन तासांनी कूस’ या नियमाचे काय? तो पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा सांगितला गेला, की तो कशावर आधारलेला आहे हे फारसे कुणी विचारले नाही. बर्गस्ट्रॉम यांच्याच गटाने तो तपासला. अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांमधील ९४२ वृद्धांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले आणि दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलून तीन आठवडे पाहिले. २०१३ साली निष्कर्ष आले. एकूण सुमारे २ टक्के लोकांनाच जखमा झाल्या आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

हे वाचून कुणी म्हणेल, चला, चार तासांनीच वळवू. इथेच थांबायला हवे. त्या अभ्यासातील सर्व वृद्ध दाब विभागणाऱ्या जाड, दाट फोमच्या गाद्यांवर होते. अभ्यासाच्या सुरुवातीला त्यांना जखम नव्हती. कूस बदलल्याची आणि कातडी तपासल्याची नोंद प्रत्येक वेळी होत होती. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात किंवा घरच्या खाटेवर बसून बसून दबलेली पातळ गादी आणि वर रेक्झिन असेल, तर तो निष्कर्ष तसाच उचलता येत नाही. तिथे दोन तासांचा नियमच शहाणपणाचा.

पुराव्यावर आधारलेली परिचर्या म्हणजे नेमके हेच. नेमका प्रश्न विचारायचा, त्यावरचे संशोधन शोधायचे, ते किती भरवशाचे आहे हे पारखायचे, आपल्या परिस्थितीला लागू पडते का ते पाहायचे आणि अमलात आणल्यावर फरक पडला का ते मोजायचे. यात सिस्टरचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांनाही जागा आहे. कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत प्रत्येक वेळी वळवताना रुग्ण कळवळत असेल, तर घड्याळापेक्षा त्याचा आराम मोठा.

आणखी एक मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. बेडसोअरची पहिली खूण म्हणून पुस्तके ‘बोटाने दाबल्यावर न जाणारी लाली’ सांगतात. सावळ्या-काळ्या कातडीवर ती लाली सहज दिसत नाही. त्यामुळे हाताने तपासावे लागते : ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत, सुजलेली वा दुखरी आहे का?

आपल्याकडे नर्सिंगच्या पदवीत संशोधन हा विषय आहे आणि विद्यार्थी प्रकल्पही करतात. त्यातील बरेचसे ‘शिकवण्याआधी किती माहिती होती आणि नंतर किती वाढली’ एवढेच मोजतात. माहिती वाढली म्हणजे जखमा कमी झाल्या असे होत नाही. पुरेशा सिस्टर आणि बऱ्या गाद्या नसतील, तर माहिती असूनही रात्री तीन वाजता कूस बदलायला हात मिळत नाहीत. वॉर्डात दर महिन्याला नव्याने किती बेडसोअर झाले, हे मोजले तरच कमतरता कुठे आहे ते पुराव्यानिशी सांगता येईल आणि मागताही येईल.

घरी काळजी घेणाऱ्यांनी एवढे करावे. हाडावरची जागा चोळू नये, कारण नाजूक झालेली कातडी चोळण्याने अधिक दुखावते. गोल रिंग वापरू नये, तिच्या कडेवर दाब वाढतो. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके ठेवावे. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवावी. रुग्णाला ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलून सरकवावे. लघवी-शौचाची ओल लगेच पुसावी. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्यावे. भिंतीवर एक कागद लावून वेळ, कूस आणि कातडीची अवस्था लिहावी. कातडी काळी पडली, फोड आला, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.